व्यवसायाच्या नावाचा ई-मेल: या चुका टाळा

दुकानाच्या किंवा कंपनीच्या नावाचा ई-मेल घेताना बहुतेक जण मेलबॉक्सचे दर तोलून पाहतात. पुढच्या अडचणी मात्र दुसरीकडून येतात: डोमेन (पत्त्यात @ नंतर येणारं नाव) कोणाच्या खात्यात आहे आणि त्याच्या डीएनएसमध्ये, म्हणजे वेबसाइट आणि मेल कुठे न्यायचे हे सांगणाऱ्या नोंदींच्या यादीत, काय भरलं आहे.

डोमेन वेबसाइटवाल्याच्या खात्यात

ही सगळ्यात महाग चूक. साइट बनवणारा रजिस्ट्रारकडच्या (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडच्या) स्वतःच्या खात्यातून डोमेन घेऊन देतो, दोन वर्षांनी त्याचा फोन लागत नाही आणि मुदत संपते. मग वेबसाइटसोबत मेलही बंद. डॉट कॉम डोमेन रिडेम्प्शनमध्ये (मुदत संपल्यावर सोडवून घेण्याच्या शेवटच्या टप्प्यात) गेलं तर ३० दिवसांत सोडवता येतं, पण नेहमीच्या फीपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजून. म्हणून रजिस्ट्रारचं खातं तुमच्याच नावाने काढा. त्यात संपर्कासाठी त्याच डोमेनवरचा पत्ता देऊ नका, नाहीतर डोमेन बंद पडल्यावर पासवर्ड बदलण्याची लिंक त्याच बंद मेलबॉक्सकडे जाईल.

ऑटो-रिन्यूवर डोळे झाकून विसंबू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर २०२१ पासून भारतीय कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या पेमेंटला ई-मँडेट, म्हणजे तुम्ही आधी नोंदवलेली परवानगी, लागतं. ते नोंदवलेलं नसेल तर पैसे कापलेच जात नाहीत. मुदतीच्या महिनाभर आधी स्वतः पाहा. जमत असेल तर एकदम तीन-पाच वर्षांचे पैसे भरून मोकळे व्हा.

काही मेल येतात, काही येत नाहीत

डीएनएसमधल्या एमएक्स नोंदी तपासा; मेल कोणत्या सर्व्हरवर पोचवायचा हे त्या सांगतात. नवी मेल सेवा घेताना होस्टिंगवाल्याची जुनी एमएक्स नोंद तशीच राहिली, तर काही मेल जुन्या सर्व्हरवर जाऊन पडतात. जुनी नोंद काढून टाका. मेल दुसरीकडे हलवायचा असेल तर आदल्या दिवशीच टीटीएल (जुनी नोंद इतरांकडे किती वेळ साठून राहते तो काळ) ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे बदल लवकर लागू होतो.

नवी वेबसाइट सुरू झाल्या दिवसापासून मेल थांबला असेल, तर नेमसर्व्हर, म्हणजे डीएनएसच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर, बदलला गेला असण्याची शक्यता मोठी. नेमसर्व्हर बदलला की जुन्या डीएनएसमधल्या नोंदी आपोआप सोबत येत नाहीत, त्या नव्या जागी पुन्हा भराव्या लागतात.

वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म भरला जातो, पण मेल तुमच्यापर्यंत येत नाही? साइट सीपॅनेलच्या (होस्टिंग सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरच्या) होस्टिंगवर आणि मेल दुसऱ्या सेवेवर असेल, तर सर्व्हर मेल स्वतःकडेच टाकतो. सीपॅनेलच्या ‘ई-मेल राउटिंग’मध्ये ‘लोकल’ऐवजी ‘रिमोट’ निवडा. फॉर्ममध्ये प्रेषक म्हणून ग्राहकाचा पत्ता वापरू नका. तिथे तुमच्या डोमेनचा पत्ता ठेवा आणि ग्राहकाचा ‘रिप्लाय-टू’मध्ये घाला.

कोटेशन स्पॅममध्ये जातं

आधी स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, उघडा आणि तीन टिंबांच्या मेनूतून ‘शो ओरिजिनल’ पाहा. एसपीएफ (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी), डीकिम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास मेलचं काय करायचं याची सूचना) या तिन्हींपुढे ‘पास’ दिसलं पाहिजे. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून हे नियम कडक केले. साध्या प्रेषकालाही एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक लागतंच. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्याला तिन्ही लागतात. तुम्ही दिवसाला वीसच मेल पाठवत असलात तरी तिन्ही लावून टाका. तासाभराचं काम आहे.

एसपीएफमधली नेहमीची चूक म्हणजे दोन नोंदी. मेल सेवेची एक होतीच, बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याने सांगितलं म्हणून दुसरी भरली. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन असल्या की तपासणी चुकीत निघते आणि दोन्ही निकामी होतात. दोन्ही सेवांचे ‘इन्क्लूड’ (त्या सेवेच्या सर्व्हरना परवानगी देणारे भाग) एकाच ओळीत जोडा. त्यातून होणाऱ्या डीएनएस चौकशा १० च्या वर जाऊ नयेत, म्हणून सोडून दिलेल्या सेवा त्या ओळीतून काढत राहा.

डीकिमची नोंद भरताना होस्टच्या रकान्यात पूर्ण डोमेन लिहिलं, तर बरेच रजिस्ट्रार पुढे ते पुन्हा जोडतात. डोमेन दोनदा लागतं आणि नोंद सापडतच नाही. तिथे फक्त डोमेनच्या आधीचा भाग लिहा. गूगल वर्कस्पेसमध्ये (गूगलच्या व्यवसायांसाठीच्या मेल सेवेत) नोंद भरून झाल्यावर अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये ‘स्टार्ट ऑथेंटिकेशन’ दाबावं लागतं. हे विसरणारे खूप.

डीमार्क थेट ‘रिजेक्ट’वर (नापास मेल नाकारणं) लावू नका. ‘नन’ने (काहीही न अडवणं) सुरुवात करा, काही आठवडे अहवाल पाहा, तुमचे सगळे मेल पास होताना दिसले की ‘क्वारंटाइन’वर (नापास मेल स्पॅममध्ये टाकणं) जा. तुमच्या हुबेहूब पत्त्यावरून ग्राहकाला खोटा बँक खाते क्रमांक पाठवणाऱ्याला अडवण्याचं काम डीमार्कच करतं.

माणूस गेला, मेलबॉक्स उडवला

विक्री, हिशेब, तक्रार यांसाठी वेगळे मेलबॉक्स विकत घेण्याची गरज नसते. वर्कस्पेसमध्ये एका वापरकर्त्याला ३० पर्यंत पर्यायी पत्ते विनामूल्य देता येतात. ग्राहकाला असा कामाचा पत्ता द्या, कर्मचाऱ्याच्या नावाचा नको. कर्मचारी सोडून गेला तर आधी पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून त्याचं लॉगिन काढा, जुने मेल दुसऱ्या खात्यात उतरवा आणि मगच खातं काढून टाका. वर्कस्पेसमधलं काढून टाकलेलं खातं २० दिवसांपर्यंतच परत आणता येतं.