किनाऱ्यालगतच्या विहिरींवर देखरेख कशी ठेवावी

कोकणातील जांभ्या या सच्छिद्र दगडातून पावसाचे पाणी झपाट्याने निचरून जात असल्यामुळे विहिरीची खरी परीक्षा मे महिन्यात होते. म्हणून ग्रामपंचायतीने निवडक विहिरींची पातळी किमान जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजावी. मोजमाप कठड्यावर रंगाने केलेल्या एकाच खुणेपासून, पहाटे पंप सुरू होण्यापूर्वी घ्यावे, अन्यथा उपशाने तात्पुरती खालावलेली पातळीच वहीत उतरते. खाडीलगतच्या विहिरींत समुद्राचे खारे पाणी शिरते आहे का हे कळावे म्हणून क्लोराइडही (मिठातील एक घटक) तपासावे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम असून, पर्यायी स्रोत नसल्यास १००० पर्यंत मुभा आहे. आकडा वर्षागणिक चढत असेल, तर विहीर आणखी खोल खणण्याचा मोह टाळून (खोल खणल्याने खारे पाणी आणखी ओढले जाते) आधी उपसा कमी करावा. विहिरींना पाझर मिळावा म्हणून वनराई बंधारे (माती भरलेल्या गोण्यांचे तात्पुरते बांध) मात्र पाऊस ओसरताच, ओढा वाहता असतानाच घालावेत.