फ्लेक्सबॉक्समधून बाहेर सांडणारा मजकूर आणि बिघडलेली मांडणी कशी दुरुस्त करावी

संगणकाच्या रुंद पडद्यावर नीटनेटके दिसणारे पान मोबाइलवर उघडले की उजवीकडे सरकू लागते, चित्रे चेपतात, बटणावरील शब्द दोन ओळींत मोडतात, आणि मग बहुतेक जण एकच उपाय करतात: ‘बॉडी’ला ‘ओव्हरफ्लो-एक्स: हिडन’ लावून मोकळे होतात. त्याने आडवे सरकणे थांबते, पण बाहेर गेलेला मजकूर बाहेरच राहतो आणि आता तो वाचताही येत नाही. फ्लेक्सबॉक्स म्हणजे वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस भाषेतील, घटक एका ओळीत किंवा स्तंभात मांडण्याची पद्धत. तिच्या नियमांनुसार एखादा घटक विशिष्ट मापाखाली आकसायला तयार नसतो. तो घटक नेमका कोणता, हे शोधणे हीच खरी दुरुस्ती आहे.

या लेखात गुणधर्मांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत, आहे त्याच जोडरेषेसह लिहावीत. उदाहरण म्हणून एका सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकयादीतील एक ओळ घेऊ: डावीकडे मुखपृष्ठ, मधे पुस्तकाचे नाव व लेखक, उजवीकडे ‘आरक्षित करा’ हे बटण.

आधी गुन्हेगार शोधा

ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडून पडद्याची रुंदी ३६० पिक्सेल करा. पान आडवे सरकत असेल तर एलिमेंट्सच्या यादीतून एकेक भाग तात्पुरता काढून पाहा. ज्या भागाला काढताच आडवी पट्टी नाहीशी होते, त्याच्या आत शिरा आणि तेच पुन्हा करा. चार-पाच फेऱ्यांत नेमका घटक हाती लागतो. सर्व घटकांना लाल ‘आउटलाइन’ लावून पाहणेही उपयोगी पडते. इथे ‘बॉर्डर’ वापरू नये, कारण बॉर्डर जागा घेते आणि जे मोजायचे तेच बदलून टाकते. आउटलाइन जागा घेत नाही. फायरफॉक्समधील फ्लेक्सबॉक्स इन्स्पेक्टर प्रत्येक घटकाचे मूळ माप, त्यात झालेली वाढ किंवा घट आणि किमान मापाने ती कुठे अडवली, हे आकृतीसह दाखवतो, त्यामुळे या कामासाठी मी तोच ब्राउझर उघडतो.

कधीकधी दोष फ्लेक्सबॉक्सचा नसतोच. ‘विड्थ: १००व्हीडब्ल्यू’ लिहिलेल्या घटकाच्या रुंदीत उभ्या स्क्रोलपट्टीची जागाही धरली जाते, त्यामुळे जागा घेणारी पट्टी असलेल्या संगणकावर तो तेवढा बाहेर जातो, तिथे १००% पुरेसे असते. ‘बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स’ लावलेले नसेल तर १००% रुंदीवर पॅडिंगची, म्हणजे कडेच्या आतल्या मोकळ्या जागेची, भर पडते. या दोन गोष्टी आधी पाहून घ्याव्यात.

किमान मापाचा नियम समजून घ्या

आता आपली ओळ. ३६० पिक्सेलांच्या पडद्यावर दोन्ही बाजूंना १६ पिक्सेल पॅडिंग धरले तर कंटेनरला, म्हणजे फ्लेक्स लावलेल्या बाहेरच्या खोक्याला, ३२८ पिक्सेल मिळतात. मुखपृष्ठ हा ७२ पिक्सेल रुंदीचा चौकोन असून चित्र त्याची पार्श्वभूमी म्हणून लावलेले आहे. बटण ९६ पिक्सेलांचे, आणि तिघांमध्ये १२ पिक्सेलांची दोन अंतरे. मधल्या मजकुराच्या खोक्याला ‘फ्लेक्स: १’ दिले आहे, म्हणजे उरलेली सगळी जागा त्याची, आणि हिशेबाने त्याला १३६ पिक्सेल मिळायला हवेत. पुस्तकाचे नाव एकाच ओळीत राहावे आणि न मावल्यास शेवटी तीन टिंबे यावीत म्हणून त्या शीर्षकाला ‘व्हाइट-स्पेस: नोरॅप’, ‘ओव्हरफ्लो: हिडन’ आणि ‘टेक्स्ट-ओव्हरफ्लो: इलिप्सिस’ असे तिन्ही गुणधर्म रीतसर लावले आहेत. पूर्ण नावाला २४० पिक्सेल लागतात असे समजू.

टिंबे येत नाहीत. उलट मुखपृष्ठ दिसेनासे होते, ‘आरक्षित’ आणि ‘करा’ हे शब्द एकाखाली एक येतात आणि तरीही ओळ बाहेर जाते. चूक शीर्षकाची, शिक्षा मुखपृष्ठाला.

याचे कारण असे की प्रत्येक फ्लेक्स आयटमची, म्हणजे कंटेनरच्या थेट आतल्या घटकाची, ‘मिन-विड्थ’ (किमान रुंदी) सुरुवातीला शून्य नसून ‘ऑटो’ असते आणि तिचा अर्थ साधारणपणे ‘आतील मजकुराला न मोडता लागणारी किमान रुंदी’ असा होतो. शीर्षक मोडायचे नाही असे आपणच सांगितल्यामुळे मजकुराच्या खोक्याची किमान रुंदी २४० ठरते आणि ‘फ्लेक्स: १’ असूनही तो त्याखाली जात नाही. दोन अंतरे वजा जाता ३०४ पिक्सेल उरतात. त्यातले २४० गेल्यावर ६४ पिक्सेलांत मुखपृष्ठ आणि बटण मावायला हवेत. शब्द दोन ओळींत मोडल्यावर बटणाला किमान ७० पिक्सेल लागतात असे धरले, तर मुखपृष्ठाचा चौकोन, आत काही मजकूर नसल्यामुळे, थेट शून्यापर्यंत आकसतो. त्यानंतरही ६ पिक्सेल बाहेर राहतात, आणि आपण नेमके त्या ६ पिक्सेलांच्या मागे लागतो.

दुरुस्ती दोन ओळींची आहे. मजकुराच्या खोक्याला, म्हणजे शीर्षकाला नव्हे तर त्याच्या पालकाला, ‘मिन-विड्थ: ०’ द्यावे, मुखपृष्ठ आणि बटण यांना ‘फ्लेक्स-श्रिंक: ०’ द्यावे, म्हणजे ते आकसत नाहीत. आता मजकुराला बरोबर १३६ पिक्सेल मिळतात, शीर्षक त्यात कापले जाते आणि टिंबे येतात.

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून थोडे थांबतो. हा नियम फ्लेक्स कंटेनरच्या थेट अपत्यांना लागू होतो. मजकुराच्या खोक्याच्या आत पुन्हा एक फ्लेक्स ओळ असेल, समजा नावाशेजारी ‘नवीन’ असा छोटा शिक्का असेल, तर तिथल्या आयटमलाही ‘मिन-विड्थ: ०’ लागेल. कंटेनरपासून शीर्षकापर्यंतच्या साखळीतली एकही कडी सुटली तर परिणाम शून्य. आयटमलाच ‘ओव्हरफ्लो: हिडन’ किंवा ‘ऑटो’ दिले तरी त्याचे आपोआप ठरणारे किमान माप शून्य होते, आणि पुष्कळ ठिकाणी हाच उपाय सुचवलेला आढळतो, मात्र त्याने फोकसची कड, सावली आणि खाली उघडणारा मेनूही कापला जातो. म्हणून ‘मिन-विड्थ: ०’ अधिक स्वच्छ. ‘ओव्हरफ्लो: क्लिप’ने मात्र किमान माप बदलत नाही, कारण त्याने स्क्रोल होणारा खोका तयार होत नाही.

अर्जाच्या रकान्यांचेही असेच असते. ‘इनपुट’ला स्वतःची सुमारे २० अक्षरांची रुंदी असते, त्यामुळे शोधपट्टीतील रकाना अरुंद पडद्यावर बटणाला बाहेर ढकलतो, त्यालाही ‘मिन-विड्थ: ०’ द्यावे. ‘फील्डसेट’ तर आणखी हट्टी आहे, कारण ब्राउझरच त्याला मजकुराएवढी किमान रुंदी ठरवून देतो. ग्रिड या ओळी-स्तंभांच्या मांडणीतील ‘१एफआर’चा (मोकळ्या जागेच्या एका वाट्याचा) स्वभावही हाच असून तिथे ‘मिनमॅक्स(०, १एफआर)’ लिहावे लागते.

लांब शब्द आणि देवनागरी

शीर्षक मोडू द्यायचे असेल तरी एखादा लांबलचक वेबपत्ता अडचण करतो. अशा वेळी ‘ओव्हरफ्लो-रॅप: ब्रेक-वर्ड’ आणि ‘ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर’ यांतील फरक महत्त्वाचा ठरतो. दोन्ही लांब शब्द मोडतात, पण किमान रुंदीचा हिशेब करताना पहिल्याने मिळणाऱ्या मोडण्याच्या जागा धरल्या जात नाहीत आणि दुसऱ्याच्या धरल्या जातात. म्हणून फ्लेक्स आयटममध्ये नुसते ‘ब्रेक-वर्ड’ लावून काही होत नाही. सोबत ‘मिन-विड्थ: ०’ हवे, नाहीतर थेट ‘एनीव्हेअर’ वापरावे. मराठी मजकुरात ओळ मुख्यतः मोकळ्या जागेवर तुटते, त्यामुळे ‘बृहन्मुंबई महानगरपालिका’ यातील दुसरा शब्द अरुंद स्तंभात सहज अडतो. तो कुठेही तुटण्यापेक्षा ‘महानगर’ आणि ‘पालिका’ यांच्यामध्ये ‘डब्ल्यूबीआर’ हा टॅग घालून मोडण्याची जागा आपणच सुचवलेली बरी.

आणखी एक गोष्ट, जी इंग्रजी मजकुरावर चाचणी करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ‘ओव्हरफ्लो: हिडन’ उभ्या दिशेनेही कापते. ‘लाइन-हाइट: १’ असलेल्या शीर्षकात रफार, वेलांटी, मात्रा वरून आणि उकार खालून छाटले जातात, ‘मूर्ती’मधला रफार गेला की शब्दच बदलतो. टिंबांसाठी कापलेल्या देवनागरी ओळीला किमान १.५ इतकी ‘लाइन-हाइट’ द्यावी, किंवा वर-खाली दोन-तीन पिक्सेलांचे पॅडिंग द्यावे.

उभी मांडणी

‘फ्लेक्स-डायरेक्शन: कॉलम’ केले की हेच सर्व उभ्या दिशेने लागू होते आणि ‘मिन-विड्थ’च्या जागी ‘मिन-हाइट’ येते. वर शीर्षपट्टी, खाली तळपट्टी आणि मधे स्वतंत्रपणे स्क्रोल होणारी यादी, ही मांडणी नेहमीची. यादी थेट फ्लेक्स आयटम असून तिला ‘फ्लेक्स: १’ आणि ‘ओव्हरफ्लो: ऑटो’ असेल तर सहसा काही अडत नाही. यादीभोवती एखादे आवरण आले की यादी लांबत जाते आणि तळपट्टी पडद्याबाहेर जाते. त्या आवरणाला ‘फ्लेक्स: १’सोबत ‘मिन-हाइट: ०’ द्यावे आणि त्यालाही कॉलम दिशेचा फ्लेक्स कंटेनर करावे, म्हणजे आतील यादीला मर्यादित उंची मिळते. सर्वांत बाहेरच्या कंटेनरची उंची ठरलेली असणे आवश्यक आहे. मोबाइलवर पत्त्याची पट्टी येते-जाते, म्हणून ‘१००व्हीएच’ऐवजी, त्या क्षणी दिसणाऱ्या उंचीप्रमाणे बदलणारे ‘१००डीव्हीएच’ घ्यावे.

रांगेत न येणारे घटक

मांडणीच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा ‘अलाइन-आयटम्स’च्या मूळ वागणुकीतून येतात. काही सांगितले नाही तर क्रॉस ॲक्सिसवर, म्हणजे मांडणीच्या दिशेला काटकोनात, घटक ताणले जातात. त्यामुळे रुंदी ठरवून दिलेले चित्र शेजारच्या मजकुराएवढे उंच होऊन विद्रूप दिसते. त्या चित्राला ‘अलाइन-सेल्फ: फ्लेक्स-स्टार्ट’ द्यावे, उंची भरायचीच असेल तर ‘ऑब्जेक्ट-फिट: कव्हर’ लावावे. ‘अलाइन-कंटेंट’ लावूनही काही हलत नसेल तर कंटेनरला ‘फ्लेक्स-रॅप: रॅप’ आहे का ते पाहावे, कारण एकाच ओळीच्या कंटेनरवर त्याचा परिणाम होत नाही.

एकाच ओळीत मोठे मराठी नाव आणि लहान रोमन अक्षरांतील क्रमांक असेल तर ‘सेंटर’ने दोन्ही वर-खाली झाल्यासारखे वाटतात, तिथे ‘बेसलाइन’ द्यावे. चिन्ह आणि मजकूर असेल तर मात्र ‘सेंटर’च योग्य.

‘जस्टिफाय-कंटेंट: सेंटर’मध्ये एक छुपा सापळा आहे. विषयांच्या टॅबची आडवी पट्टी मध्यभागी ठेवली आणि टॅब मावेनासे झाले, तर ते दोन्ही बाजूंनी बाहेर जातात. उजवीकडचे स्क्रोल करून दिसतात, पण डावीकडे सुरुवातीच्या मागे स्क्रोल जात नसल्यामुळे पहिले टॅब कायमचे हाताबाहेर राहतात. यावर ‘सेफ सेंटर’ असे लिहिता येते. जुन्या ब्राउझरचीही काळजी घ्यायची असेल तर ‘जस्टिफाय-कंटेंट’ काढून पहिल्या टॅबला डावीकडे आणि शेवटच्याला उजवीकडे ‘मार्जिन: ऑटो’ द्यावे, जागा उरलेली असताना पट्टी मध्यभागी राहते आणि जागा संपली की ऑटो मार्जिन शून्य होऊन ती सुरुवातीपासून लागते.

स्तंभ समान हवेत पण होत नाहीत, ही तक्रार ‘फ्लेक्स: १ १ ऑटो’मुळे उद्भवते. त्यात आधी मजकुराएवढी जागा दिली जाते आणि फक्त उरलेली जागा समान वाटली जाते. ‘फ्लेक्स: १’ लिहिल्यास मूळ माप शून्य धरून सगळी जागा वाटली जाते, अर्थात सोबत ‘मिन-विड्थ: ०’ हवेच.

तीन-तीन कार्डांच्या रांगांत तिसरे कार्ड खाली पडत असेल तर ‘गॅप’ (घटकांमधले अंतर) पाहावा. ९६० पिक्सेलांत ३३.३३% ची तीन कार्डे आणि १६ पिक्सेलांची दोन अंतरे मिळून ९९२ पिक्सेलांच्या आसपास होतात, आणि ‘रॅप’ चालू असल्याने ब्राउझर आकसण्याऐवजी ओळ बदलतो. रुंदी ‘कॅल्क’ने (१००% − ३२ पिक्सेल) ÷ ३ अशी काढावी. शेवटच्या रांगेत उरलेले एकच कार्ड पूर्ण रुंदीला पसरत असेल तर फ्लेक्सबॉक्सशी झगडत बसू नये, कारण त्याला प्रत्येक रांग वेगळी असते आणि वरच्या रांगेचे स्तंभ त्याला ठाऊक नसतात. तिथे ग्रिड घ्यावे.

दुरुस्तीनंतर यादीतील सर्वांत लांब नावाचे पुस्तक, लेखकाचे नाव नसलेले पुस्तक आणि मुखपृष्ठ न सापडलेले पुस्तक अशा तीन ओळी घेऊन पान ३२० पिक्सेल रुंदीवर तपासावे. १२८० पिक्सेल रुंदीचा पडदा ४०० टक्के मोठा करून वाचणाऱ्याला नेमकी तेवढीच रुंदी मिळते, आणि वेब सुलभतेच्या निकषांतही आडव्या स्क्रोलसाठी हीच मर्यादा धरलेली आहे.