डिप्लोमा मेकॅनिकल, पहिला रेझ्युमे: पाठवण्याआधी काय काय बघायचं

टायपिंगला बसण्याआधी सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणि प्रोजेक्ट रिपोर्ट समोर काढून ठेवा. टक्के आठवणीतून लिहायचे नाहीत. इंटरव्ह्यूला मूळ मार्कशीट मागतात, तिथे ७१.४ चे ७४ झालेले दिसले की विषय संपला. नाव दहावीच्या मार्कशीटवर आहे तेच. साधा फॉन्ट, साईज १० किंवा ११, एकच पान.

आता नीट वाचा. बहुतेक जण सीनियरची वर्ड फाईल घेऊन त्यात स्वतःची माहिती भरतात. भरा, पण वर्डमध्ये ईमेलचा निळा मजकूर बदलला तरी त्याच्याखालची लिंक जुनीच राहू शकते. कागदावर दिसतो तुमचा पत्ता आणि क्लिक केलं की मेल निघतो सीनियरला. त्यावर राईट क्लिक करा, ‘रिमूव्ह हायपरलिंक’ द्या, पत्ता पुसून नव्याने टाईप करा. लिंक्डइनच्या लिंकचंही तेच.

शिक्षण उलट क्रमाने, आधी डिप्लोमा, मग दहावी. लाईव्ह केटी, म्हणजे अजून न सुटलेला विषय, असेल तर लपवू नका, ती जॉइनिंगच्या वेळी निघतेच.

स्किल्समध्ये ‘हार्डवर्किंग, टीम प्लेयर’ कोणी वाचत नाही. चाकण-भोसरीच्या कारखान्यांना हवं ते लिहा: ड्रॉइंग वाचता येतं, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही मोजमापाची साधनं वापरलीत, ऑटोकॅडमध्ये टूडी. लिहिलं की विचारणार हे धरून चाला. नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप) ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचा ०.०१, एवढं तोंडावर हवं. सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) नुसती लांबून पाहिली असेल तर ‘ऑपरेट केली’ लिहू नका. ऑफसेट (टूलच्या मापाची मशीनमध्ये भरायची नोंद) कसा घेतलास, या एका प्रश्नात सगळं उघडं पडतं.

प्रोजेक्ट चौघांचा असतो, तुमच्या हातचं काय ते सांगा. ‘बेंडिंग मशीन बनवलं’ यातून काही कळत नाही. ‘फ्रेमचं ड्रॉइंग काढलं, ५ मिमी एमएस (माइल्ड स्टील) प्लेट कापून वेल्डिंग केलं’ यातून कळतं, आणि पुढचे प्रश्नही तिथूनच येतात, म्हणजे तुमच्या मैदानावर. इन-प्लांट ट्रेनिंगचं तसंच: डिपार्टमेंट, तारखा, काय मोजलं.

जात, धर्म, वडिलांचं नाव, आधार नंबर नको. ‘वरील माहिती सत्य आहे’ खासगी कंपनीला लागत नाही. दोन कॉलमचं रंगीत टेम्प्लेट नको, पोर्टलचं सॉफ्टवेअर बरेचदा ओळी एकमेकांत मिसळतं. ‘एक्सेल ८०%’ दाखवणारे पट्टे तर नकोच. कशाचे ८०?

पीडीएफ केली? मग तीच पीडीएफ दुसऱ्या फोनवर उघडून ईमेलवर क्लिक करा आणि ‘टू’मध्ये कोणाचा पत्ता येतो ते डोळ्यांनी बघा. मोबाईल नंबरही त्या पानावरूनच वाचून लावा, पाठ आहे म्हणून नाही. तुमचा फोन वाजला पाहिजे. रेझ्युमेत एक शब्द बदलला तरी पुन्हा पीडीएफ, पुन्हा क्लिक. कंटाळा आला तरी क्लिक.

फाईलला नाव-आडनाव-डिप्लोमा-मेकॅनिकल असं नाव, ‘फायनल न्यू २’ नाही. मेलच्या विषयात पदाचं नाव. दोन प्रिंट ए-फोरवर. अनोळखी नंबर उचला.