ट्रायब्युनलने केस परत पाठवली, आता पुढे काय?

व्हिसा नाकारल्यावर जिथे रिव्ह्यू (फेरतपासणी) मागता येतो, त्या ऑस्ट्रेलियाच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनलने (१४ ऑक्टोबर २०२४ पूर्वीचं एएटी) केस ‘रिमिट’ केली, म्हणजे परत पाठवली, म्हणून व्हिसा मिळाला असं नाही. अर्ज पुन्हा व्हिसा देणाऱ्या होम अफेअर्स खात्याकडे जातो आणि निर्णय तिथला केस ऑफिसरच देतो.

आधी निकालपत्रातला ‘डायरेक्शन’चा परिच्छेद नीट वाचा. स्टुडंट व्हिसात तिथे ५००.२१२ असं कलम दिसेल, पार्टनर व्हिसात ८२०.२११. तेवढाच मुद्दा मिटला, तो अधिकाऱ्याला फिरवता येत नाही. बाकीच्या अटी तपासायच्या राहतातच आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं, कारण रिव्ह्यूच्या काळात जुने कागद बाद झालेले असतात.

पोलिस सर्टिफिकेट आणि मेडिकल साधारण १२ महिनेच चालतात. भारताचं पीसीसी (पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट) आधी मार्गी लावा. ऑस्ट्रेलियन फेडरल पोलिसांच्या सर्टिफिकेटच्या अर्जात कोड ३३ (इमिग्रेशनसाठीचा) निवडा आणि लग्नाआधीचं नावही घाला. ते राहिलं तर सर्टिफिकेट पुन्हा काढावं लागतं. मेडिकलची मात्र घाई नको. त्याला हॅप आयडी (खात्याकडून मिळणारा मेडिकलचा नंबर) लागतो, तो मिळाल्यावरच अपॉइंटमेंट घ्या.

विद्यार्थ्यांनी सीओई (कॉलेजचं प्रवेश निश्चितीपत्र) आणि ओएसएचसी (विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा) यांच्या तारखा आजच बघाव्यात. कोर्स संपला असेल तर नवा प्रवेश घेऊन नवा सीओई अपलोड करा. निर्णयाच्या दिवशी प्रवेश चालू नसेल, तर ट्रायब्युनलमध्ये जिंकूनही व्हिसा नाकारला जातो. इतकी झुंज देऊन असं हातचं घालवू नका.

पासपोर्ट किंवा पत्ता बदलला असेल तर इमीअकाउंटमध्ये (खात्याच्या ऑनलाइन अकाउंटमध्ये) ‘अपडेट अस’मधून कळवा. खात्याचं पत्र जुन्या ईमेलवर गेलं तरी उत्तराची मुदत सुरू होते. कागद वेळेत मिळणार नसतील तर मुदत संपण्याआधीच वाढवून मागा आणि सोबत त्या कागदांसाठी अर्ज केल्याची पावती जोडा.

अर्जाचा निर्णय होईपर्यंत ब्रिजिंग व्हिसा (तोवर देशात राहू देणारा तात्पुरता व्हिसा) चालू राहतो. पण ब्रिजिंग ‘ए’वर देशाबाहेर गेलात तर परत येता येत नाही, तिकीट काढण्याआधी ब्रिजिंग ‘बी’ घ्या.

रिव्ह्यूची निम्मी फी परत मिळते. ट्रायब्युनलच्या निकालाविरुद्ध इमिग्रेशन मंत्र्यांनाही ३५ दिवसांत कोर्टात जाता येतं, पण तसं क्वचितच होतं.

दुसऱ्या एखाद्या अटीवर पुन्हा नकार आलाच, तर तो नवा निर्णय धरला जातो. त्यावर पुन्हा रिव्ह्यू मागता येतो, मुदत सहसा २८ दिवस. नकाराच्या पत्रातली शेवटची तारीख बघा आणि तिच्या आत अर्ज टाका.