जॅझमध्ये उपज कशी करावी: कॉर्ड बदलली की स्वरही बदला

फोंड्याकडे भजनात, घुमट आरतीत पेटीवर हात बसलेली मंडळी गिटार किंवा सॅक्सोफोनकडे वळली की बोटं लवकर पळू लागतात. तरी सोलो (एकट्याने ऐनवेळी सुचेल ते वाजवणं, म्हणजेच उपज) ऐकताना पलटेच (सरावाच्या ठरलेल्या स्वरमालिका) ऐकतोय असं वाटतं. रागात षड्ज जागचा हलत नाही. जॅझमध्ये बहुतेकदा दर एक-दोन बारला (इथे बार म्हणजे चार मात्रा) कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गट, बदलते, आणि कान जुन्याच कॉर्डवर रेंगाळतो.

पांढरी एकला, म्हणजे सीला, सा धरा. फोनवर डी मायनर सेव्हन एक बार, जी सेव्हन एक बार आणि सी मेजर सेव्हन दोन बार, असं चक्र सावकाश चालू ठेवा. वाद्य बाजूला ठेवून प्रत्येक कॉर्डच्या मूळ स्वरापासून मोजून तिसरा आणि सातवा स्वर गा. पहिलीचे म आणि सा, दुसरीचे नी आणि म, तिसरीचे ग आणि नी. आता नीट ऐका: सा उतरून नीवर येतो, तेव्हा म जागीच असतो, मग म उतरून गवर येतो, तेव्हा नी जागीच असतो. अर्ध्या स्वराच्या या दोन उतरणींतच कॉर्ड बदलल्याचं कळतं. साथ बंद करूनही त्या गाता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

मग वाद्य घ्या. सी मेजरच्या पहिल्या मात्रेवर ग यायलाच हवा. त्याआधीच्या मात्रेत म, कोमल ग असे दोन स्वर घ्या आणि गवर या. बाकीचा बार रिकामा राहिला तरी चालेल.

लयीसाठी मेट्रोनोम निम्म्या गतीवर लावून त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा. समेवर जोर द्यायची सवय असलेल्यांना हे जड जातं, पण स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, याशिवाय येत नाही.

रेकॉर्डवरचे चार बार गाऊन मगच वाजवा. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले गेले, तेही अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक आर्मस्ट्राँगचं वादन कानात मुरवूनच.

अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या 'सो व्हॉट' या रचनेत ३२ बारांपैकी १६ डी डोरियनचे, मग ८ अर्धा स्वर वरचे, शेवटचे ८ पुन्हा डीचे. डोरियन ही स्वरमाला म्हणजे आपला काफी थाट, म्हणून रागवाल्यांना तिथूनच सुरुवात करावीशी वाटते. माझ्या मते ते नंतर घ्यावं. काफीत रमलं की कॉर्डमागे जायचा कंटाळा येतो.

शेवटी जोडीदार शोधा. चार बार त्याचे, चार तुमचे. त्याने जिथे सोडलं, तोच स्वर उचलून सुरुवात करा.