अॅटम प्रोबच्या डेटात स्फटिकरचना शोधताना

अॅटम प्रोबकडे, म्हणजे सुईसारख्या नमुन्यातले अणू एकेक करून आयनरूपात सुटे करून त्यांची जागा आणि ओळख टिपणाऱ्या यंत्राकडे, नव्याने वळणारा धातुशास्त्राचा विद्यार्थी बहुधा आधी रासायनिक संघटन मोजायला बसतो, कारण या यंत्राची ख्याती त्यासाठीच आहे. माझ्या अनुभवाने सांगतो, आधी डिटेक्टरवर आयन कुठे आदळले त्याचा नकाशा पाहावा. शुद्ध अॅल्युमिनियमची सुई सुमारे ५० केल्व्हिनला, लेसरऐवजी व्होल्टेज स्पंदांनी बाष्पित केली, तर काही लाख आयनांतच विरळ घनतेचे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा उमटतात. हे ठिपके म्हणजे स्फटिकाचे ध्रुव, अणूंची ठरावीक प्रतले सुईच्या पृष्ठभागाला समांतर येतात त्या जागा. ध्रुवाचे नाव त्या प्रतलाच्या दिशादर्शक अंकांवरून (मिलर निर्देशांक) ठेवतात. चौपदरी सममिती दिसली तर तो (००२), तिपदरी दिसली तर (१११). लेसरने सुईचे टोक तापते आणि ही नक्षी पुसट होते. (टंगस्टनच्या सुईवर अशीच सममिती एर्विन म्युलर आणि भारतीय संशोधक कंवर बहादूर यांनी १९५५ मध्ये पेनसिल्व्हेनियात फील्ड आयन सूक्ष्मदर्शकातून पाहिली होती, तीही थेट अणूंच्या रूपात.)

पुढचे काम पुनर्रचनेची, म्हणजे आयनांच्या नोंदींवरून अणूंच्या मूळ त्रिमितीय जागा काढण्याच्या गणिताची, मोजपट्टी बसवण्याचे. (००२) आणि (११३) यांमधला खरा कोन २५.२ अंश आहे. नकाशावर मोजलेल्या कोनाशी त्याचे गुणोत्तर काढले की प्रतिमा-संकोच गुणांक (डिटेक्टरवरची प्रतिमा किती आक्रसली ते सांगणारा आकडा) मिळतो. मग (००२) ध्रुवाखालचा दोन-तीन नॅनोमीटर रुंदीचा दंडगोल घेऊन खोलीच्या दिशेने अणूंचे वितरण काढावे. प्रतलांमधले अंतर ०.२०२५ नॅनोमीटर यायला हवे. जास्त आले तर क्षेत्र-गुणांक (व्होल्टेजवरून टोकाची त्रिज्या काढताना वापरायचा, सुईच्या आकारावर अवलंबून असलेला आकडा) कमी करावा. मात्र ज्या अंतरावर मोजपट्टी बसवली, तेच अंतर पुढे निष्कर्ष म्हणून मांडणे म्हणजे स्वतःच लिहिलेल्या उत्तरपत्रिकेला स्वतःच गुण देणे होय, आणि प्रबंधांत हे वरचेवर आढळते. (१११) ध्रुव दृष्टिक्षेत्रात असेल, तर त्याची ०.२३४ नॅनोमीटरची प्रतले काहीही न बदलता जुळतात का, हे तपासावे.

आडव्या दिशेने अणूंची जाळी सहसा दिसत नाही, कारण आयनांचे मार्ग पृष्ठभागालगतच विचलित होतात, शिवाय डिटेक्टर सगळे अणू टिपत नाही. त्यामुळे अवक्षेपांची (मिश्रधातूत वेगळ्या झालेल्या बारीक कणांची) स्फटिकरचना केवळ या डेटावरून ठरवू नये, इलेक्ट्रॉन विवर्तनाची जोड द्यावी.

मद्रास आयआयटीतील राष्ट्रीय सुविधेसारख्या ठिकाणाहून डेटा मागवताना विस्तारित ‘ईपॉस’ (ePOS) फाइलच मागावी. साध्या ‘पॉस’ (POS) फाइलमध्ये आयन डिटेक्टरवर कुठे आदळला त्याचे निर्देशांक नसतात, त्यामुळे हा नकाशा नंतर काढता येत नाही.