पिस्ता रंगाचं जुनं बाथरूम: भिंती राखल्या, जमीन फोडली

1980 च्या दशकातला फ्लॅट, पिस्ता रंगाच्या 6 बाय 6 इंची टाइल्स, कमोडही त्याच रंगाचं. असं बाथरूम सगळंच फोडावं लागत नाही. आधी प्रत्येक टाइल नाण्याने ठोकून बघितली. पोकळ वाजली ती काढून तिथे प्लास्टर भरलं. बाकीच्यांची चकाकी ग्राइंडरने घासून काढली आणि टाइलवर टाइल बसवायचं पॉलिमर अॅडहेसिव्ह दातेरी थापीने लावलं. साधा सिमेंटचा माल त्या गुळगुळीत पृष्ठभागाला धरत नाही.

हे आधीच लक्षात घ्या: भिंत साधारण 12 मिमी पुढे येते. कन्सील्ड, म्हणजे भिंतीत लपवलेल्या, नळांना एक्स्टेन्शन लागतं, आणि एस-ट्रॅप (जमिनीतून निचरा होणाऱ्या) कमोडच्या आउटलेटचं भिंतीपासूनचं अंतर तेवढंच घटतं. कमोड घेताना तयार भिंतीपासूनच मोजा.

जमीन मात्र फोडाच. खालच्या घरात ओल उतरते ती बऱ्याचदा नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या जाळीखालच्या निचऱ्याच्या भांड्याच्या) जोडातून, आणि जुने जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजलेले असतात. सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) पाइप टाकून, पंपाने दाब देऊन तपासल्यावरच पाइप झाकले. भिंतीच्या खालच्या दोन ओळी काढल्या, म्हणजे वॉटरप्रूफिंग प्लास्टरवर फूटभर चढतं. कोपऱ्यांना गोलाई, ट्रॅपभोवती फायबर जाळी, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक आडवा, एक उभा. 48 तास पाणी साठवून खालच्यांचं छत पाहिलं. उतार 4 फुटांना 15 मिमी. टाइल्सच्या फटी भरायचं एपॉक्सी ग्राउट सुकण्याआधीच पुसा, नंतर डाग निघत नाही.